समुद्राकडे तोंड केलेली पडवी

कापड माझ्या हातून सुटलं आणि वाऱ्याने फुगून थेट कुंपणाकडे निघालं. कुंपणाच्या फाटकातून तेवढ्यात एक माणूस दोन रिकाम्या बादल्या घेऊन आत येत होता. त्याने बादल्या टाकल्या, दोन ढांगा टाकल्या आणि कापडावर सरळ पालथा पडला. मी धापा टाकत तिथे पोचले तेव्हा तो तसाच पडून होता, हातपाय पसरून, ओल्या गवतात.

"तुमचं आहे का हे?" त्याने पडल्या पडल्या विचारलं.

"नाही, विकायला आणलंय." रडू येत होतं, म्हणून मी तिरकं बोलले.

"मग गिऱ्हाईक मिळालं म्हणायचं... पण एक टोक तुम्ही धरा. मी उठलो की माल पळेल."

मी टोक धरलं. तो उठला. पुढून सगळे कपडे चिखलाने माखलेले, भुवईवर गवताचं पातं चिकटलेलं, आणि इतकं असून चेहऱ्यावर हसू. त्या दिवसांत माझ्याकडे बघून कुणी हसलंच नव्हतं. मीही नकळत हसले, आणि लगेच मागे वळून पाहिलं—आईने पाहिलं तर नाही ना.

आई कड्याच्या टोकाशी उभी होती. समुद्राकडे बघत.

वेल्सच्या किनाऱ्यावरचं ते मिसेस प्रिदेरखांचं शेत. कड्याला लागून असलेल्या एका कुरणात उन्हाळ्यात कॅरव्हान लागायच्या. आम्ही ओल्डहॅमहून दरवर्षी यायचो. आई, बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ कीथ. कॅरव्हान म्हणजे मोटारीमागे ओढत न्यायची चाकांवरची खोली, आणि तिच्या दाराच्या बाजूला जोडायची ती कापडाची पडवी. पडवी उभारणं हे बाबा आणि कीथचं काम. दोघं भांडत, एकमेकांना वेड्यात काढत ती उभी करायचे, आणि आई नि मी आत चहा करत खिडकीतून हसायचो. कुठला खांब कुठे जातो हे आम्हा दोघींना कधी कळून घ्यावंच लागलं नव्हतं.

त्या वर्षी कीथ नव्हता. आणि बाबा आले नव्हते.

त्या माणसाने नाव सांगितलं, गेथिन. मिसेस प्रिदेरखांचा पुतण्या, आधी खाली गावात राहायचा, त्या हिवाळ्यात शेतावर राहायला आलेला. त्याने मला स्टुलावर उभं केलं. कॅरव्हानच्या छतालगत एक खाच असते. कापडाची जाड कड तिच्यात एका टोकाने भरवायची आणि दुसऱ्याने पलीकडून ओढायची. मी घाईघाईने भरवत होते, तो अडलं की थांबत होता.

"अडकलं की ओढायचं नाही," तो म्हणाला. "जरा मागे घ्यायचं, मग आपोआप येतं. घाई आहे का कुठे जायची?"

"तुम्हाला गाई आहेत ना?"

"गाई वाट बघतात. चांगल्या घरातल्या आहेत."

कापड सरसरत खाचेतून गेलं. मग तो आत शिरला, अंगावर ओलं कापड घेऊन, आणि एकेक खांब उभा केला. पडवीला आकार आला. बाहेर येऊन त्याने सगळीकडे नजर टाकली आणि मग पहिल्यांदा त्याचं हसू जरा मावळलं. कुरणातल्या बाकी सगळ्या कॅरव्हानची दारं कुंपणाकडे, वाऱ्याला पाठ करून होती. फक्त आमचं समुद्राकडे. त्याने आईला आदराने सांगितलं की इथला वारा सरळ पाण्यावरून येतो, ही पडवी त्याच्यापुढे टिकायची नाही, हवं तर तो ट्रॅक्टर आणून कॅरव्हान फिरवून देईल.

"नको," आई म्हणाली. "कीथला दिसायला हवी. तो त्या बाजूने येणार."

गेथिनने हातोडा उचलला. खाली वाकला आणि खुंट्या ठोकायला लागला. दुसऱ्याच खुंटीला हातोडा त्याच्या अंगठ्यावर बसला. नख काळंनिळं झालं, पण त्याच्या तोंडून हूं की चूं नाही. मला वाटलं, वेंधळा दिसतोय.

आदल्या ऑगस्टमध्ये कीथ कड्याखालच्या खडकांवर गळ टाकायला गेला होता. एकोणीस वर्षांचा होता. लाट आली आणि त्याला घेऊन गेली. गावची बचावनौका शोधत राहिली, हेलिकॉप्टर आलं, किनाऱ्यावरची माणसं खडकाखडकातून फिरली. कीथ सापडला नाही. चौकशीची, कागदपत्रांची सगळी कामं बाबांनी एकट्याने केली, आणि त्यानंतर ते जवळजवळ बोलेनासे झाले. आई मात्र बोलायला लागली. सापडला नाही म्हणजे गेला नाही, असं तिचं म्हणणं. एखाद्या जहाजाने उचलला असेल. पलीकडे आयर्लंडच्या किनाऱ्याला लागला असेल, डोक्याला मार बसून नाव-गाव विसरला असेल. हिवाळाभर तिने हेच धरून ठेवलं, आणि उन्हाळा लागताच म्हणाली, मी तिथे जाऊन राहते. मी कामाला होते ती गिरणी वसंतातच बंद पडली होती, मला कामाला जायचं नव्हतं. बाबांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाले, "तू ने तिला. माझ्याने नाही होणार."

पडवी उभी राहिली त्या संध्याकाळी आईने आत कीथची घडीची खाट मांडली. चादर घातली, उशी थोपटली. नंतर ती रोज सकाळी चादर काढायची, झटकायची आणि पुन्हा घालायची.

गेथिन रोज यायला लागला. कारण असायचंच. पडवी सुती कापडाची; पाऊस पडला की कापड आखडतं, दोर सैल करावे लागतात; ऊन पडलं की ढिलं होतं, पुन्हा ताणावे लागतात. आणि तिथे दिवसातून चार वेळा पाऊस यायचा, चार वेळा ऊन. मी तेवढ्यात शिकले होते सगळं. तरी शिकले नसल्यासारखं करायचे.

एकदा दुपारी जोराची सर आली आणि आम्ही दोघं पडवीत अडकलो. आई कॅरव्हानमध्ये निजली होती. कापडावर पाऊस ताडताड वाजत होता, आत ओल्या सुताचा, गवताचा आणि त्याच्या लोकरी कोटाचा वास कोंडला होता.

"एक लक्षात ठेवा," तो म्हणाला. "पाऊस चालू असताना आतून कापडाला बोट लावायचं नाही. लावलं की तिथूनच गळायला लागतं."

मी त्याच्याकडे बघत हात वर केला आणि बोट लावलं. थेंब जमला, लोंबला, आणि टपकन त्याच्या नाकावर पडला.

"सांगितलं होतं ना?"

"मला खरं वाटलं नाही."

"आता वाटलं?"

"अजून नाही..." मी दुसरीकडे बोट लावलं.

त्याने माझं मनगट धरलं. हळूच, गमतीत. पण मग सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही. पाऊस थांबला तरी आम्ही तसेच उभे होतो, आणि 'तुम्ही'चं 'तू' त्या दिवशी केव्हा झालं ते मला सांगता येणार नाही. कीथची खाट आमच्यापासून हातभर अंतरावर होती. मला लाज वाटली. तरी मी सुखात होते. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

तो बचावनौकेवर जातो हे मला जुलैत कळलं. बचावनौकेवरच्या गावकऱ्यांना बोलावणारे दोन बार आकाशात उडाले, आणि माझ्याशी बोलता बोलता गेथिन पळत सुटला. संध्याकाळी परत आला तेव्हा मी विचारलं, गेल्या ऑगस्टमध्ये तू होतास का? तो म्हणाला, "होतो." नीट शोधलंत का, असं मी विचारलं. त्याने ओली टोपी काढली. मग म्हणाला, "हेझल, मला तुला काही—"

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, तो दुसरंच काही सांगणार आहे, आणि ते मला त्या विषयाला लागून ऐकायचं नव्हतं. आईला अजून कशाचीच कल्पना नव्हती. "नंतर," मी म्हणाले. त्याने माझा हात बाजूला केला, तळव्यावर ओठ टेकले आणि निघून गेला. जाताना त्याचा चेहरा असा का होता, याचा विचार मी रात्रभर वेगळ्याच दिशेने केला.

ऑगस्ट संपता संपता वादळ येणार असल्याचं रेडिओने सांगितलं. सकाळीच कुरणात लगबग सुरू झाली. लोकांनी भराभर पडव्या उतरवल्या, घड्या घातल्या, कॅरव्हान जोडून कुणी घरी निघाले तर कुणी शेताच्या कोठाराआड जाऊन उभे राहिले. दुपारपर्यंत कड्यावर आम्ही दोघीच उरलो. समुद्र राखाडी झाला होता आणि वारा सरळ आमच्या दारात घुसत होता.

आईने आतून पडवीची चेन लावून घेतली आणि ती कीथच्या खाटेवर जाऊन बसली. आज तर उतरवायचीच नाही, असं तिचं म्हणणं. अशा वाऱ्यातच तो वाट चुकेल. मी विनवलं, ओरडले, तिचा हात धरून ओढलं. पडवी शिडासारखी फुगत होती, तिच्याबरोबर कॅरव्हानचं एक चाक जमिनीवरून उचललं जाऊन पुन्हा आदळत होतं. कड्याची उतरण तिथून फार लांब नव्हती. मी गेथिनला बोलवायला निघणार, तोच तो पळत आला. त्याने चेन उघडली, आत आला, आणि आईसमोर गवतात गुडघे टेकून बसला.

"मिसेस हॉल्डन, ही उतरवायला हवी. आत्ता."

"मी कुठेही जाणार नाही."

"तो येणार नाहीये."

"तुला काय माहीत?"

गेथिनने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग तो आईकडे वळला.

"माझ्या हातात होता तो," तो म्हणाला. "पाण्यात होता, आणि मी नौकेवरून वाकून त्याच्या स्वेटरची कॉलर धरली होती. हिरवा स्वेटर होता, कोपरावर रफू केलेला. तो गेलेला होता, मिसेस हॉल्डन. मी त्याचा चेहरा पाहिला, त्याचे डोळे पाहिले. मग लाट आली, नौका खडकाकडे ढकलली गेली आणि माझ्या हातून सुटला. आम्ही पुन्हा पुन्हा गेलो तिथे. पुन्हा दिसला नाही."

वरचा खांब कण्हल्यासारखा वाजला. आई त्याच्या हातांकडे बघत होती.

"कोपरावरचं रफू मी केलं होतं," ती म्हणाली. आणि मग, "काही बोलला का रे तो? काही म्हणाला?"

"नाही. आम्ही पोचलो तेव्हा फार उशीर झाला होता."

"बरं झालं खोटं सांगितलं नाहीस." तिचा आवाज अगदी साधा होता. "स्टॅन्लीला माहीत होतं?"

गेथिनने होकारार्थी मान हलवली. बाबांना त्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनीच नौकेवरच्या सगळ्यांना विनवलं होतं की तिला तुम्ही काही सांगू नका, मी सांगेन, मला थोडा वेळ द्या. आणि मग त्यांना ते कधी जमलंच नाही.

"मग उन्हाळाभर मी कुणाची खाट घालत होते?" आई म्हणाली.

ती उठली. खाटेची चादर काढून तिने नीट घडी केली, खाट मिटली, कॅरव्हानमध्ये ठेवून आली, आणि मधल्या खांबाला स्वतः हात घातला. मग आम्ही तिघं कामाला लागलो. वाऱ्यात दोर हाताला कापत होते. खुंट्या गेथिनने उपटल्या, मी वाऱ्याकडची बाजू आधी खाली पाडली, नाहीतर कापड आम्हालाच घेऊन गेलं असतं. खाचेतून ते ओढताना अडकलं. मी जोर करायला गेले आणि ते टर्रकन फाटलं. शेवटी सगळं जमिनीवर आलं तेव्हा आई त्याच्यावर बसली. ओल्या, फडफडणाऱ्या कापडावर, दोन्ही हात टेकून, आणि तिथे पहिल्यांदा रडली. वर्षभरात पहिल्यांदा. तो आवाज मला अजून ऐकू येतो. गेथिन ट्रॅक्टर आणायला गेला तरी मी तिला उठवलं नाही.

रात्र आम्ही मिसेस प्रिदेरखांच्या घरी काढली. दुसऱ्या दिवशी उघडीप झाली. भिजलेलं कापड तसंच बांधलं की त्याला बुरशी धरते, म्हणून गेथिनने ते कोठारातल्या तुळईवर वाळत घातलं होतं. दुपारी त्याची घडी करायची होती, आणि ती एकट्याने होत नाही. दोन टोकं त्याने धरली, दोन मी. कापड ताणून, मधे दुमडून, एकमेकांकडे चालत यायचं आणि आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची.

दुसऱ्या घडीला मी विचारलं, "तू आमच्याकडे येत होतास ते कीथमुळे ना?"

"पहिल्या दिवशी, हो. तुझ्या आईने नाव घेतलं तेव्हा कळलं तुम्ही कोण आहात. वाटलं, यांची पडवी तरी नीट उभी करून द्यावी."

"आणि नंतर?"

"नंतर रोज ठरवून यायचो की आज सांगायचं. तुला बघितलं की वाटायचं, सांगितलं की ही जाईल."

"आता जातेच आहे."

"हो," तो म्हणाला. "कळतंय मला."

शेवटच्या घडीला आमचे हात एकमेकांना लागले. मी झटकन काढून घेतला. मला त्याची दया येत होती, रागही येत होता, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे तो हात हवासाही वाटत होता. त्या हाताने माझ्या भावाला धरलं होतं. त्या हाताने मला धरलं होतं. मी म्हणाले, मला हे जमणार नाही गेथिन, तुझ्याकडे बघितलं की मला पाणी दिसेल. तो म्हणाला, मलाही वर्षभर तेच दिसतंय. मग त्याने घडी उचलून गाडीत ठेवली, कॅरव्हान जोडून दिली, मागचे दिवे लागतात का ते पाहिलं, आणि आम्ही निघालो. वाटेत आई एकदाच बोलली. खिडकीची काच वर घे म्हणाली.

घरी काय झालं ते फार सांगण्यासारखं नाही. ती बाबांवर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्यांचं ताट स्वयंपाकघरात वाढून ठेवायची आणि आपण दुसऱ्या खोलीत जेवायची. सप्टेंबर गेला, अर्धा ऑक्टोबर गेला. मग एका रविवारी बाबा जेवता जेवता ताट घेऊन तिच्या खोलीत गेले, जमिनीवर बसले आणि ढसाढसा रडले. ती उठून गेली नाही. पुढे दोघांनी मिळून चर्चच्या आवारात कीथच्या नावाचा दगड बसवला. खाली काही नसलेला.

त्यानंतर एक दिवस आम्ही दोघी भांडी घासत होतो. आईने न बघताच विचारलं, "त्या पोराचं काही कळतं का गं?"

मी म्हणाले, नाही, आणि कळायला नको आहे.

"तुझी मर्जी. पण सगळ्यांत खरं तेवढं त्यानेच सांगितलं, तेही माझ्या तोंडावर." तिने कप पुसला, ठेवला. "मी तुला जा म्हणत नाही. पण माझ्यासाठी थांबली असशील तर थांबू नकोस. मी थांबून बघितलंय."

नोव्हेंबरमध्ये मी बसने गेले. कुरण रिकामं होतं, गवत पिवळं पडलेलं. मिसेस प्रिदेरख म्हणाल्या, तो खाली गावात आहे, नौकेच्या शेडवर. तिथे उतारावर तो साखळीला वंगण लावत बसला होता. मला बघून उभा राहिला. वाळलेला दिसत होता, दाढी वाढलेली.

"पडवी उभारायला हे दिवस बरे नाहीत," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला त्याने, जमलं नाही.

मी येताना बसमध्ये सगळं पाठ केलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. "गेथिन, मी..." इतकंच झालं आणि आकाशात दोन बार उडाले.

तो क्षणभर जागचा हलला नाही. माझ्याकडेच बघत राहिला. चारी बाजूंनी माणसं धावत येत होती.

"जा ना," मी म्हणाले.

तो गेला. नौका उतारावरून घसरली, पाण्यावर आदळली आणि नाक वर काढून धक्क्याबाहेर पडली. मी उभीच होते. हळूहळू बायका जमल्या, कुणाची बायको, कुणाची आई. एकीने माझ्या खांद्यावर आपली शाल टाकली आणि कोणाची तू, असं विचारलं. मी म्हणाले, गेथिनची. उच्चारून झाल्यावर कळलं की मी काय म्हणाले.

त्या तासांत मला कळलं की आई वर्षभर कुठे राहत होती. दर लाटेत काही दिसायचं आणि ते नसायचं. दोनदा मी बसथांब्याच्या दिशेने चालायला लागले. हे असं आयुष्यभर कोण सोसणार, असं मनाशी म्हणत दोन्ही वेळा कोपऱ्यापर्यंत गेले, आणि दोन्ही वेळा परत फिरले.

दिवेलागणीला नौका आली. मागे दोराला बांधून इंजिन बंद पडलेली एक मच्छीमार होडी, आणि तिच्यात दोन धडधाकट, चिडलेली माणसं. गेथिन सगळ्यांत शेवटी वर आला. डिझेलचा आणि खारट पाण्याचा वास येत होता त्याला.

"तुझी बस गेली असेल," तो म्हणाला.

"गेली."

"मग आता?"

"आता काय... प्रेम आहे माझं तुझ्यावर, तेच सांगायला आले होते. तर तू पळालास." माझे दात थंडीने वाजत होते. "आणि मला फार भीती वाटली. दर वेळी वाटेल. ती जाणार नाही माझी."

"माझीही जात नाही," तो म्हणाला. "मी गेलो की वाटते, आणि नाही गेलो तर त्याहून जास्त."

त्याने हात पुढे केला. बर्फासारखा गार होता, आणि ओला. मी तो दोन्ही हातांत घेतला आणि माझ्या कोटाच्या आत धरून ठेवला, त्यात पुन्हा ऊब येईपर्यंत. यायला वेळ लागला. मग आम्ही चढण चढून मिसेस प्रिदेरखांकडे जेवायला गेलो.